ई-२० पेट्रोल आणि जुनी गाडी: तपासणी, ट्युनिंग आणि साठवण यांविषयी सविस्तर

पेट्रोल पंपावर आज जे साधे पेट्रोल मिळते, त्यात सुमारे २० टक्के इथेनॉल असते आणि त्यालाच ई-२० असे म्हणतात. महाराष्ट्राला हा प्रकार अगदीच नवा नाही. देशात २००१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांतील दोन मिरज आणि मनमाड येथे होते. त्यानंतर २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले, जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. इथेनॉलविरहित साध्या पेट्रोलचाही पर्याय पंपावर ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे ज्याच्या दारात २०१२ ची स्कूटर किंवा २०१६ ची कार उभी आहे, त्याला आता याच इंधनावर गाडी नीट कशी चालवावी, एवढेच पाहायचे आहे.

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक गट इंजिनाची वाट लागणार असे सांगतो, तर दुसरा काहीच फरक पडत नाही म्हणून हात झटकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा भेद जुनी गाडी आणि नवी गाडी एवढाच नसून चालती गाडी आणि उभी गाडी असाही आहे. रोज वापरात असलेल्या, देखभाल झालेल्या जुन्या गाडीला ई-२० सहसा निभावून नेता येते. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी, मग ती तुलनेने नवी का असेना, अडचणीत येण्याची शक्यता जास्त असते. पुढील पायऱ्यांची आखणी याच समजुतीने केली आहे.

इथेनॉल इंजिनात काय बदलते

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी चार गुणधर्म लक्षात घेतले पाहिजेत, कारण पुढच्या प्रत्येक सूचनेचे कारण त्यांतच आहे.

पहिला गुणधर्म ऊर्जेचा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या प्रत्येक लिटरमध्ये साधारण ६ ते ७ टक्के आणि ई-१० च्या तुलनेत साधारण साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. दुसरा गुणधर्म असा, की इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला मात्र साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. म्हणजे कार्ब्युरेटरने (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या यांत्रिक भागाने) पूर्वीइतकेच इंधन सोडले, तर मिश्रण आपोआप 'लीन' होते आणि इंजिनाला जरुरीपेक्षा जास्त हवा मिळते. तिसरा गुणधर्म म्हणजे इथेनॉल पाण्यात विरघळते आणि पाणी स्वतःत सामावून घेते. चौथा गुणधर्म म्हणजे ते चांगले विद्रावक आहे. काही जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते किंवा मऊ पडते आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर सुटा होतो.

या यादीत एक जमेची बाजूही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक १०० च्या वर असल्याने ई-२० मध्ये इंजिन 'नॉक' होण्याची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडण्याची, प्रवृत्ती कमी होते. मात्र जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबायचे) आणि टायमिंग (ठिणगी कधी पाडायची) कमी ऑक्टेनसाठी ठरवलेले असते, त्यामुळे त्याला या वाढीव ऑक्टेनचा फारसा लाभ उठवता येत नाही. लाभ मिळतो तो ई-२० साठीच ट्यून केलेल्या इंजिनांना.

पहिली पायरी: आपली गाडी कोणत्या गटात आहे ते ठरवणे

पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस, झाकणाजवळ किंवा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेच्या इंधनाविषयीच्या पानावर 'ई-१०' किंवा 'ई-२०' असा उल्लेख आहे का, हे प्रथम पाहावे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे इंधनाच्या संपर्कात येणारे भाग सर्वसाधारणपणे ई-२० सहन करणाऱ्या साहित्याचे असतात आणि २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही या इंधनासाठी ट्यून केलेली असतात. अशा गाडीच्या मालकाने पुढील तपासण्यांचा भाग वाचला नाही तरी चालेल, साठवणीचा भाग मात्र वाचावा.

एप्रिल २०२० ते मार्च २०२३ या काळातील बीएस-६ गाड्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, कारण वेगवेगळ्या उत्पादकांनी आणि एकाच उत्पादकाच्या वेगवेगळ्या मॉडेलांनी वेगवेगळ्या वेळी साहित्य बदलले. या गटासाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे चासी क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्राकडून ई-मेलवर लेखी उत्तर घेणे. तोंडी उत्तर दोन केंद्रांत दोन प्रकारचे मिळू शकते, आणि पुढे वॉरंटीचा प्रश्न निघाला तर लेखी उत्तरच कामास येते. या काळातील बहुतेक दुचाकींनाही फ्युएल इंजेक्शन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी यंत्रणा, असते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब आहे.

२०२० पूर्वीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर की इंजेक्शन हा फरक वयापेक्षा महत्त्वाचा ठरतो. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असेल, तर मिश्रण लीन झाल्याचे त्याला कळते आणि संगणक इंजेक्टर थोडा अधिक काळ उघडा ठेवतो. कार्ब्युरेटरला असे काही कळत नाही, कारण त्याच्या जेटचे छिद्र ठरलेल्या मापाचे असते. म्हणून बीएस-४ आणि त्याआधीच्या बहुसंख्य दुचाकी या लेखाचा मुख्य विषय आहेत.

दुसरी पायरी: इंधनाचा मार्ग टाकीपासून इंजिनापर्यंत तपासणे

ही तपासणी इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि आसपास विडी, सिगारेट, चालू शेगडी किंवा ठिणगी उडवणारे काहीही नसताना करावी. टाकीच्या झाकणापासून सुरुवात करावी. झाकणाखालचे रबरी वायसर कडक झाले असेल, त्याला भेगा पडल्या असतील किंवा ते फुगून जागेवर बसत नसेल तर ते बदलावे. मोटरसायकलच्या झाकणाभोवती जो खळगा असतो, त्यातील पावसाचे पाणी खाली वाहून जाण्यासाठी एक बारीक छिद्र आणि नळी असते. ती मातीने बुजली की पाणी खळग्यात साचते आणि झाकण उघडताच सरळ टाकीत उतरते. पावसाळ्यात 'पेट्रोलमध्ये पाणी निघाले' अशा ज्या तक्रारी होतात, त्यांतील काहींचे मूळ पंपावर नसून या छिद्रात असते. बारीक तारेने ते मोकळे करावे आणि वरून थोडे पाणी ओतून ते खाली पडते का ते पाहावे. हे करताना झाकण घट्ट बंद असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर टॉर्चच्या उजेडात टाकीच्या आत पाहावे. लोखंडी टाकीच्या तळाशी तांबूस गंज दिसत असेल, तर ई-२० त्या टाकीला सुधारणार नाही. त्यात पाणी आले की गंज वाढतच जाईल. थोडा गंज टाकी उतरवून साफ करता येतो. पापुद्रे सुटत असतील तर टाकी बदलणे किंवा चांगल्या कारागिराकडून आतून लेप करून घेणे हाच उपाय आहे, मात्र तो लेप इथेनॉल सहन करणारा आहे याची खात्री करून घ्यावी.

पुढे पेट्रोल कॉक, त्यातील रबर, फिल्टर आणि कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी नळी येते. नळी बोटांत धरून दाबून पाहावी. चांगली नळी दाबल्यावर पूर्ववत होते. ती बोटांना चिकट लागणे, टोकाला फुगून क्लिपमधून सैल होणे किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसणे ही बदलण्याची लक्षणे आहेत. नवी नळी घेताना 'पेट्रोल पाइप द्या' एवढेच न सांगता तिच्यावर छापलेली खूण पाहावी. एसएई जे३० मालिकेतील आर९ ही खूण असलेल्या नळ्यांचा आतील थर फ्लोरोइलास्टोमर या विशेष कृत्रिम रबराचा असतो आणि तो इथेनॉलला चांगला टिकतो. ओ-रिंगही शक्यतो याच साहित्याच्या घ्याव्यात. बाजारात त्या 'व्हिटॉन' या नावाने मागितल्या जातात. पुण्यात नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात हे साहित्य मिळवणे अवघड नाही. तालुक्याच्या ठिकाणी मूळ कंपनीचा सुटा भाग मागवणे अधिक सुरक्षित, कारण आता बनणारे मूळ भाग बहुधा नव्या इंधनाचा विचार करून बनवलेले असतात, बिनछापी स्वस्त नळीबद्दल मात्र तसे सांगता येत नाही.

कार्ब्युरेटर उघडण्याचे काम ज्याला सवय आहे त्यानेच करावे. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या वाटीत, काय सापडते, यावरून बरेच कळते. काळे बारीक कण असतील तर वरच्या बाजूला कुठेतरी रबर झडत आहे. तांबूस गाळ म्हणजे टाकीतील गंज होय. पांढरी पूड किंवा पांढरट डाग दिसले, तर पाण्यामुळे जस्त किंवा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू गंजू लागला आहे. या तिन्ही प्रकरणांत नुसते कार्ब्युरेटर धुऊन परत बसवल्याने काम होत नाही, मूळ कारण दूर करावे लागते. फ्लोटची सुई, वाटीचे गॅस्केट आणि ओ-रिंग यांचा दुरुस्ती संच एकदाच बदलून घेतलेला बरा. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधील आपल्या निवेदनात काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे मान्य केले आहे आणि हा खर्च किरकोळ असल्याचे म्हटले आहे. दुचाकीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. जुन्या कारच्या टाकीतील पंपाचा पूर्ण संच बदलावा लागला तर मात्र त्याला कोणी किरकोळ म्हणणार नाही. म्हणून कारमध्ये पंप खराब होण्याची वाट न पाहता फिल्टर वेळेवर बदलणे शहाणपणाचे आहे.

तिसरी पायरी: फिल्टर, तोही दोनदा

जुन्या टाकीत जमलेला चिकट थर इथेनॉल सैल करते आणि तो वाहत येऊन फिल्टरमध्ये अडकतो. त्यामुळे बराच काळ फारशी न वापरलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना सुरुवातीला एक नवा फिल्टर बसवावा आणि चार-पाच टाक्या पेट्रोल संपल्यावर तो पुन्हा बदलावा. वेग वाढवताना गाडी मागे खेचल्यासारखी वाटणे, चढावर दम सोडणे आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा नीट चालणे ही फिल्टर तुंबल्याची खूण आहे. पारदर्शक फिल्टर असल्यास हे डोळ्यांनीच दिसते.

चौथी पायरी: ट्युनिंग

कार्ब्युरेटरची गाडी ई-२० वर लीन चालू लागली, तर सकाळी चोक दिल्याशिवाय ती सुरू होत नाही, अर्धा थ्रॉटल दिल्यावर क्षणभर अडखळते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वरखाली होतो. प्लग काढून पाहिल्यास टोकाजवळचे चिनी मातीचे आवरण फिकट विटकरी दिसण्याऐवजी पांढरेफटक दिसते.

अशा वेळी थेट स्क्रू फिरवायला घेऊ नये. आधी एअर फिल्टर, प्लगची गॅप, टॅपेट (व्हॉल्व्हमधील फट) आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड तपासावा, कारण त्या जोडाला चीर असेल तर हवा बाहेरून आत खेचली जाते आणि लक्षणे अगदी हीच दिसतात. त्यानंतर जेट साफ करून मग मिश्रणाचा स्क्रू हाती घ्यावा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: काही कार्ब्युरेटरांत हा स्क्रू हवा नियंत्रित करतो आणि काहींत इंधन. पहिल्या प्रकारात तो बाहेर फिरवल्यास मिश्रण आणखी लीन होते, तर दुसऱ्या प्रकारात ते रिच होते, म्हणजे त्यात इंधन वाढते. आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे पुस्तिकेवरून किंवा जाणत्या मेकॅनिककडून समजून घेतल्याशिवाय हात लावू नये. फेरफारही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक करू नये, आणि मूळ स्थिती किती फेऱ्यांवर होती हे आधी लिहून ठेवावे.

हा स्क्रू फक्त आयडलिंग आणि त्याच्या थोड्या वरच्या टप्प्यावर परिणाम करतो. वेगात गाडी लीन चालत असेल तर मेन जेट एका मापाने मोठा घालण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात. तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा नाही, परंतु ई-१० वर ठीक चालणाऱ्या गाडीला ई-२० साठी जवळपास ४ टक्क्यांचीच भर लागते आणि बहुतेक मूळ जेट तेवढे सांभाळून घेतात. जेट बदलल्यावर ॲव्हरेज घसरते आणि काजळी वाढते, हा अनुभव अधिक सामान्य आहे. त्यामुळे प्लगचा रंग आणि गाडीचे चालणे या दोन्हींवरून खात्री पटल्याशिवाय जेट बदलू नये. ट्युनिंगनंतर पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे वाचन घेतले, की मिश्रण रिच झाले नाही ना हे त्याच कागदावर दिसते.

इंजेक्शनच्या कारमध्ये हे काम संगणक करतो. तो किती भर घालत आहे हे स्कॅनरवर दीर्घकालीन फ्युएल ट्रिम या आकड्यात दिसते. ई-२० मुळे हा आकडा काही टक्के वर जाणे स्वाभाविक आहे. तो अधिक १० च्या पुढे गेलेला असेल किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर त्याचा दोष नुसत्या इंधनाला न देता इंजेक्टर तुंबला आहे का, पंपाचा दाब कमी झाला आहे का आणि व्हॅक्यूमची नळी कुठे सुटली आहे का, हे पाहायला सांगावे. अशा गाडीत थंडीच्या सकाळी किल्ली फिरवल्यावर पंपाचा बारीक घुर्रर आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबून मग स्टार्टर दाबल्यास इंजिन सहज पेटते.

पाचवी पायरी: ॲव्हरेज खरोखर मोजणे

ई-२० वर सर्वाधिक तक्रार ॲव्हरेजची असते आणि सर्वांत कमी मोजमापही त्याचेच होते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि ई-१० साठी घडवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट अपेक्षित धरली होती. ऊर्जेचा हिशेबही साधारण तेच सांगतो.

मोजण्याची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ओडोमीटरचा आकडा लिहावा. नेहमीच्या रस्त्यांवर टाकी पाऊण रिकामी होईपर्यंत गाडी चालवून त्याच रीतीने पुन्हा भरावी आणि चाललेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. टायरमधील हवा दर वेळी सारखी असावी. डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडा इंजेक्टरच्या वेळेवरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे त्याला पुरावा मानू नये.

आता समजा, एखादी मोटरसायकल ई-१० वर लिटरला ५० किलोमीटर देत होती. ई-२० वर ती ४८ च्या आसपास देऊ लागली, तर तो इंधनाचा परिणाम आहे आणि त्यावर गॅरेजमध्ये पैसे खर्च करण्याने काही साधणार नाही. तीच गाडी ४० देऊ लागली, तर एवढी घट इथेनॉलच्या हिशेबात बसत नाही. ब्रेक घासतो आहे का, क्लच सरकतो आहे का, साखळी फार ताणली आहे का आणि एअर फिल्टर भरला आहे का, हे पाहावे. इथेनॉलवर बोट ठेवून मोकळे होण्याची सध्या सोय झाली आहे, आणि त्यामुळे खरा बिघाड तसाच राहून जातो. पैशांच्या भाषेत पाहायचे तर वर्षाला १० हजार किलोमीटर चालणाऱ्या त्या मोटरसायकलला ई-१० च्या तुलनेत सुमारे ७ लिटर पेट्रोल अधिक लागेल. लिटरला १०४ रुपये धरले तर हा भार सव्वासातशे रुपयांच्या घरात जातो. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या कारला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे २३ लिटर, म्हणजे चोवीसशे रुपयांच्या आसपास जादा मोजावे लागतील. ही रक्कम डोळ्यांआड करण्यासारखी नाही, तशी गाडी विकायला काढण्यासारखीही नाही.

१०० ऑक्टेनची महागडी पेट्रोले इथेनॉलविरहित म्हणून ओळखली जातात आणि त्यांची किंमत साध्या पेट्रोलच्या सुमारे दीडपट असते. रोजच्या वापरात ती घेणे वरील हिशेबाने परवडत नाही. जपून ठेवलेल्या जुन्या संग्राह्य गाडीसाठी किंवा लांबच्या साठवणीपूर्वीच्या शेवटच्या टाकीसाठी मात्र ती योग्य ठरतात. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलला 'प्रीमियम' म्हटले जाते म्हणून ते इथेनॉलमुक्त असेल, असे समजू नये. पंपावर विचारूनच घ्यावे.

सहावी पायरी: उभी गाडी

पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले की ते थेंबाच्या रूपाने तळाशी बसे आणि वर पेट्रोल जसेच्या तसे राही. इथेनॉल मिसळल्यावर थोडे पाणी विरघळून जाते आणि इंजिनात जळूनही जाते. ही मर्यादा ई-१० साठी साधारण अर्धा टक्का आहे आणि ई-२० साठी त्याहून थोडी अधिक. १२ लिटरच्या टाकीत म्हणजे साठ मिलिलिटरच्या पुढे, चहाच्या लहानशा कपाएवढे. ही मर्यादा ओलांडली किंवा थंडीने ती खाली आली, तर पाणी एकटे खाली न बसता पेट्रोलमधील इथेनॉलही आपल्याबरोबर घेऊन तळाशी वेगळा थर करते. इंधन उचलण्याची नळी तळाशीच असल्यामुळे इंजिनाला नेमका तोच थर मिळतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही इथेनॉल गेल्यामुळे उतरलेला असतो. एकदा थर पडले की कोणतेही बाटलीतले औषध ते पुन्हा व्यवहार्यपणे एकजीव करू शकत नाही, मग डबीवर काहीही छापलेले असो.

हे पाणी हवेतून येते असे सरसकट सांगितले जाते. बंद टाकीत हवेतील ओलावा शोषला जाण्याचा वेग प्रत्यक्षात फार मंद असतो. पावसाचे थेट शिरलेले पाणी आणि अर्धवट रिकाम्या टाकीत तापमानाच्या चढउताराने साचणारे दव हे अधिक जबाबदार असतात. म्हणून कोकणात गावी ठेवलेली, गणपतीनंतर थेट शिमग्याला बाहेर निघणारी स्कूटर किंवा मुले परदेशी असल्याने पुण्यात सोसायटीच्या तळघरात झाकून ठेवलेली कार यांच्यासाठी पुढील रीत पाळावी.

गाडी महिनाभरच उभी राहणार असेल तर ताजे पेट्रोल घालून टाकी जवळजवळ भरून ठेवावी आणि गाडी छताखाली ठेवावी. दोन-तीन महिने किंवा अधिक काळासाठी कार्ब्युरेटरच्या दुचाकीचा कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करावा आणि वाटी पूर्ण रिकामी करावी. टाकी प्लास्टिकची असेल तर ती रिकामी ठेवणे चांगले. लोखंडी टाकी रिकामी ठेवल्यास आतून गंजते, म्हणून ती इथेनॉलविरहित पेट्रोल मिळाल्यास त्याने, न मिळाल्यास ताज्या साध्या पेट्रोलने भरून ठेवावी. कारच्या बाबतीत शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला दर पंधरवड्याला गाडी जागच्या जागी पाच मिनिटे सुरू करायला सांगण्याची पद्धत आहे. तिचा इंधनाच्या दृष्टीने फारसा उपयोग नाही. पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणणे आणि दोन-तीन महिन्यांत जुने पेट्रोल संपवून नवे घालणे, हे खरे उपयोगी.

उभ्या गाडीचा एक प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे सीएनजीवर चालणारी कार. ती रोज धावते, पण तिच्या टाकीतील पेट्रोल महिनोन्महिने तसेच पडून असते. तिच्या मालकाने आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी आणि टाकीत एका वेळी थोडेच, पण दर महिना-दोन महिन्यांनी ताजे पेट्रोल घालावे.

पाणी शिरल्याचा संशय आला तर

पेट्रोल भरल्यावर एक-दोन किलोमीटरमध्येच गाडी झटके देऊन बंद पडली, तर स्टार्टर मारत राहू नये. ड्रेनमधून थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन काही मिनिटे सावलीत स्थिर ठेवावे. दोन थर स्पष्ट दिसले किंवा इंधन गढूळ राहिले, तर टाकी पूर्ण रिकामी करणे, फिल्टर बदलणे आणि कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनची लाइन साफ करणे याला पर्याय नाही. काढलेले इंधन गटारात ओतू नये, ते गॅरेजच्या हवाली करावे. बाटली घट्ट बंद करून जपून ठेवावी, पंपाचे बिल तिच्याबरोबर ठेवावे आणि पंपाच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत तेल कंपनीकडे व जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे पाठवावी. माप कमी मिळाल्याची तक्रार वैधमापन विभागाकडे जाते, ती वेगळी. पंपावर घनता आणि फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. फिल्टर पेपरवर थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा, मात्र या चाचणीतून इथेनॉलचे प्रमाण कळत नाही. मुसळधार पावसात पंपाच्या आवारात पाणी साचलेले दिसत असेल, तर दुसरा पंप गाठावा.

पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल खाली बसवायचे आणि वरचे 'शुद्ध' पेट्रोल वापरायचे, असे प्रयोग काही जण दाखवतात. ते करू नयेत. त्यातून मिळणारे पेट्रोल कमी ऑक्टेनचे आणि ओलसर असते, खालचे पाणी ज्वालाग्राही असते आणि घरात एवढे पेट्रोल उघड्यावर हाताळणे हाच मोठा धोका आहे.

वॉरंटी, विमा आणि छोटी इंजिने

ई-२० वापरल्याने विमा रद्द होतो, ही चर्चा निराधार असल्याचे मंत्रालयाने स्पष्ट केले आहे आणि वाहन उत्पादकांच्या संघटनेनेही वॉरंटी पाळली जाईल असे सांगितले आहे. तरीही सर्व्हिसिंगची बिले, बदललेल्या भागांच्या पावत्या आणि सेवा केंद्राचे लेखी उत्तर एका ठिकाणी ठेवावे. दावा अडला तर आश्वासनापेक्षा हे कागद अधिक उपयोगी पडतात.

दोन स्ट्रोकची जुनी स्कूटर, ग्रास कटर, फवारणीचा पंप आणि छोटा जनरेटर यांना हेच पेट्रोल लागते, आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दोन स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पाण्याचा थर वेगळा झाला तर त्या थरात हे तेल नसते, आणि तो इंजिनात गेल्यास पिस्टन कोरडा घासतो. म्हणून ग्रास कटरसाठी तेल घालून तयार केलेले पेट्रोल एका महिन्याहून अधिक ठेवू नये, लागेल तेवढेच तयार करावे, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत काही उरणार नाही.